मागच्या खोलीतला बबुआ

"आधी हात धू, मग आत ये," सेवरतन म्हणाला.

दहा वर्षांनी फाटकात उभ्या राहिलेल्या धाकट्या भावाला तो एवढंच म्हणाला. त्याला खरं तर दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं. पण बिसेसरच्या हातात फडक्यानं झाकलेला पिंजरा होता, आणि परका पिंजरा दिसला की सेवरतनच्या तोंडून दुसरं काही निघतच नसे.

बिसेसर जागच्या जागी थांबला. भातशेतीच्या निकेरी गावाहून पहाटेची बस धरून तो आला होता. शर्ट पाठीला चिकटला होता, चपलांवर लाल धूळ होती. अंगणातला नळ त्यानं सोडला. पिंजरा एका हातात उंच धरून दुसरा हात धुतला, मग पिंजरा ओल्या हातात घेऊन राहिलेला हात धुतला. खाली मात्र ठेवला नाही.

"झालं? आता पाया पडू, की पाय धुवून पडू?"

"अहो, त्याला आत तरी येऊ द्या!" सुमिंत्रा स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "ये रे बिसेसर. यांचं काही मनावर घेऊ नकोस. माझी बहीण आली तरी हे पहिल्यांदा तिच्या हातांकडे बघतात, मग तोंडाकडे."

बिसेसर हसला. सेवरतनही हसला. आणि हसल्यामुळे दोघंही अवघडले.

सेवरतननं राजधानी पारामारिबोच्या एका इस्पितळात उभी हयात काढली होती. वॉर्डात नव्हे, तळघरात, जिथं ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक होतात तिथं. कात्र्या, चिमटे, सुया, कापडं. वाफ, साबण, वाफ. रोग्याचं तोंड त्याला कधी दिसलं नाही. दिसले ते फक्त रोग्याच्या अंगात जाऊन आलेले चिमटे. आपल्या हातून एक चिमटा नीट उकळायचा राहिला तर वरच्या मजल्यावर माणूस मरेल, या धास्तीत तो निवृत्त झाला आणि ती धास्ती तशीच घरी घेऊन आला. घरी होते पक्षी. पिकोलेट. चिमणीपेक्षा लहान, काळाभोर, पोटाशी विटकरी. गळा मात्र असा, की रविवारी सकाळी चौकातल्या हिरवळीवर पिंजरे टांगून लोक श्वास रोखून ऐकत उभे राहतात.

सध्या त्याच्याकडे एकच होता. त्याचं नाव मिनिस्टर. गेली तीन वर्षं चौकातल्या गाण्याच्या चढाओढीत मिनिस्टरसमोर टिकेल असा पक्षी कुणी आणला नव्हता. त्याची पाण्याची वाटी रोज उकळली जायची. दाणे उन्हात खडखडीत वाळवून बरणीत जायचे, आणि बरणी उघडली की सेवरतन आधी नाक आत घालायचा. भिजलेला पाव, कापून ठेवलेलं फळ संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात राहिलं असं कधी झालं नाही. चौकात त्याला सगळे 'दोक्तर' म्हणायचे, थोडं चिडवून, थोडं मानानं.

आणि याच धास्तीपायी त्यानं भाऊ गमावला होता.

आई निकेरीला बिसेसरकडे असायची. शेवटी ती महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली होती, पाठीला जखमा झाल्या, जखमा चिघळल्या. सेवरतन पोचला तेव्हा ती गेलेली होती. अंगणात माणसं जमली होती, बिसेसरची बायको ललिता कोपऱ्यात बसून रडत होती. सेवरतननं पाठीवरच्या जखमा पाहिल्या आणि सगळ्यांसमोर तो म्हणाला, "हात धुतले असते ना तुम्ही लोकांनी, तर आई आज जिवंत असती."

त्यानंतर दोघं भाऊ बोलले नव्हते.

आता बिसेसर व्हरांड्यात बसला होता. चहा पिऊन झाल्यावर त्यानं पिंजऱ्यावरचं फडकं काढलं.

"हा बबुआ. अंड्यातून आला तेव्हापासून माझ्या हातावर वाढलाय. तुझ्यासाठी आणलाय, भैया."

पक्षी देखणा होता. डोळा टपोरा, पिसं तुकतुकीत. बिसेसरनं ओठांनी बारीक शीळ घातली, तसा तो मान तिरकी करून गायला. लांब तान, आणि शेवटाला आवाज वर न नेता एकदम खाली मुरडला. जणू कुणी बोलता बोलता हसावं.

"हे शेवटचं कुठून शिकला?" सेवरतननं चकित होऊन विचारलं.

"माझ्याकडून. मला शीळ घालता घालता खोकला आला एकदा. गड्यानं तेच उचललं." बिसेसर उठला आणि मिनिस्टरच्या पिंजऱ्याशेजारच्या हुकाकडे पिंजरा घेऊन निघाला. "यांना शेजारी शेजारी टांगू. ऐकू दे एकमेकांना."

"तिथं नको!"

सेवरतन एवढ्या मोठ्यानं बोलला की मिनिस्टरनं पिंजऱ्यात उडी मारली.

"नवा पक्षी मागच्या खोलीत राहतो," आवाज खाली आणून तो म्हणाला. "दीड महिना. कुणाचाही असो. पूर्वी एकदा मी एक नवा पक्षी असाच बाकीच्या पक्ष्यांत टांगला होता. आठवड्याभरात सगळे पिंजरे रिकामे झाले, बिसेसर. एकूण एक गेले. वरून धडधाकट दिसतात, पण आत काय घेऊन येतात ते कळत नाही."

"माझा पक्षी आजारी आहे म्हणतोस?"

"मी तसं कुठं म्हणालो?"

"नाही. म्हणाला नाहीस," बिसेसर म्हणाला आणि त्यानं पिंजरा त्याच्या हातात दिला.

मागची खोली म्हणजे अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या छपराची लाकडी खोली होती. सेवरतन बबुआला तिथं ठेवून आला, शर्ट बदलून आला, कोपरापर्यंत हात धुऊन आला. बिसेसर ते सगळं व्हरांड्यातून पाहत होता. रात्रीच्या जेवणाला सुमिंत्रानं कोंबडी केली होती. दोघं भाऊ भाताच्या पिकाविषयी, पाण्याविषयी, हॉलंडला गेलेल्या नातेवाइकांविषयी बोलले. आईचं नाव निघालं नाही.

सकाळी मात्र घोटाळा झाला. बिसेसरनं बबुआसाठी गवताच्या दाण्यांची पिशवीही आणली होती. सेवरतननं ती उघडून हुंगली. बसमध्ये कुठंतरी ओल लागली असावी, पिशवीतून कुबट वास येत होता. कचऱ्याच्या डब्यात पिशवी टाकून तो वळला, तर मागे बिसेसर दात घासत उभा.

"बुरशी धरलीय," सेवरतन म्हणाला. "छातीत बसते ती त्यांच्या."

बिसेसरनं चूळ भरली. "आई ज्या बांधावर बसायची ना, तिथलं गवत होतं ते," तो म्हणाला. "जाऊ दे. तुला काय माहीत."

दुपारच्या बसनं जायचं होतं, तो सकाळच्याच बसनं गेला.

मग पावसाचे महिने आले. पत्र्यावर दिवसदिवस पाणी वाजायचं, धुतलेले कपडे वाळायचे नाहीत. चौकात मोसम ऐन भरात होता आणि सेवरतन मिनिस्टरला घेऊन मोकळ्या हवेत, झाडाखाली, नदीकाठी, जिथं उघडीप मिळेल तिथं फिरत होता. बबुआचं सगळं तो नेमानं करायचा. दाणे कोरडे, वाटी उकळलेली, शर्ट वेगळा. मिनिस्टरचं झाल्यावर बबुआचं, उलट कधीच नाही. पण काम झालं की तो तिथं थांबत नसे. दार ओढून घ्यायचा आणि बाहेर पडायचा.

बिसेसरनं रविवारी फोन करायला सुरुवात केली. बोलणं थोडकंच असायचं.

"गातोय?"

"गातोय."

"शेवटची मुरड घेतोय?"

"घेतोय की. रोज."

आणि ते खरं होतं. सेवरतन नळावर वाट्या धुवायला बसला की मागच्या खोलीतून तान यायची आणि शेवटाला ते हसणं. फोन ठेवल्यावर सेवरतनला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून तो सुमिंत्राला दुसऱ्यांदा चहा करायला लावायचा.

दीड महिना भरायच्या आधीच एक दिवस ती मुरड आली नाही. तान मध्येच फाटली, कापडासारखी. नवी जागा आहे, पिसं झडायचे दिवस असतील, असं सेवरतननं स्वतःला समजावलं. चौकात मिनिस्टरची शेवटची फेरी तोंडावर आली होती. त्यानंतर बघू, असं तो म्हणाला. मिनिस्टर जिंकला, लोकांनी सेवरतनच्या पाठीवर थापा मारल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं बबुआकडे नीट पाहिलं. पक्षी चोच उघडी ठेवून बसला होता आणि प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वरखाली होत होती.

तेव्हा कुठं सेवरतननं पिंजऱ्यामागचं फळकूट ओढून काढलं. मागची भिंत वरपासून खालपर्यंत काळी पडली होती. पन्हळ फुटून पाणी आतल्या बाजूनं झिरपत होतं, आणि लाकडावर बुरशीची मऊ, शेवाळी लव उभी होती. हात लावला तर धुरासारखी उडाली.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मऊ होती. तिनं बबुआची छाती बराच वेळ ऐकली.

"बुरशी आहे. फुप्फुसात, स्वरनलिकेत," ती म्हणाली. "औषध देते मी, पण उशीर झालाय, काका. कुठं ठेवला होता?"

"वेगळा ठेवला होता," सेवरतन म्हणाला. "दुसऱ्याला काही होऊ नये म्हणून."

तिनं मान हलवली. औषधाची बाटली त्याच्या हातात दिली.

औषधाचे थेंब सेवरतन स्वतः चोचीत घालायचा. मिनिस्टरच्या शेजारी तर ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यानं बबुआला मागच्याच खोलीत दुसऱ्या कोपऱ्यात, कोरड्या भिंतीशी हलवलं. एका सकाळी तो थेंब घेऊन गेला तेव्हा पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी आडवा होता. जास्वंदीमागे त्यानं खड्डा केला, वर एक वीट ठेवली. मग ती भिंत पाडली, नवी फळकुटं ठोकली, चुना दिला, खिडकी कापली. दोन दिवस तो त्या खोलीवर असा तुटून पडला होता की सुमिंत्रा त्याला जेवायला बोलवायलाही गेली नाही, ताट तिथंच ठेवून आली.

"बिसेसरला सांगा," ती एवढंच म्हणाली.

"सांगतो. रविवारी सांगतो."

रविवारी फोन आला.

"गातोय?"

सेवरतननं तोंड उघडलं. "गातोय," तो म्हणाला.

पुढच्या रविवारीही तेच. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा बोलायला वेगळी ताकद लागत नाही. पण तिसऱ्या रविवारी बिसेसर म्हणाला, "जरा ऐकव ना, भैया. फोन धर त्याच्याजवळ."

सुमिंत्रा शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. सेवरतन फोन घेऊन व्हरांड्यात गेला आणि मिनिस्टरच्या पिंजऱ्याला फोन लावून उभा राहिला. मिनिस्टर गायला. काय गायला! स्वच्छ, उंच, शेवटपर्यंत सरळ.

सेवरतननं फोन कानाला लावला.

"छान गातोय," बिसेसर म्हणाला. "ओलीत ठेवू नकोस त्याला."

त्यानंतर फोन येत राहिले, पण पक्ष्याचं त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. पाऊस, पीक, गुडघेदुखी. सेवरतनला सुटल्यासारखं वाटलं.

कोरडे दिवस सुरू झाले आणि चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. बिसेसरचा फोन आला, "लग्नाला येतोय. तुझ्याकडेच उतरेन."

सेवरतननं त्या दिवशी दुपारी बाजार गाठला. बाजारामागे पिंजरे घेऊन बसणारा एक ठेंगणा विक्रेता होता. त्याच्याकडे त्यानं सगळे पिकोलेट निरखून पाहिले आणि बबुआच्या अंगाचा, बबुआच्या पोटावरच्या रंगाचा एक निवडला.

"कुठनं आलाय हा?"

"रानातनं, दोक्तर. काल-परवाच. झकास आहे, बघा की."

घरी आल्यावर त्यानं पिंजरा थेट व्हरांड्यात, मिनिस्टरच्या शेजारच्या हुकावर टांगला. बिसेसरला जिथं टांगायचा होता तिथंच. मागच्या खोलीत ठेवला असता तर भाऊ म्हणाला असता, अजून मागेच? आणि आठवडाभर मिनिस्टरच्या सोबत राहिला तर नवखा पक्षी बुजणार नाही, भावाच्या समोर निदान गाईल तरी.

सुमिंत्रा दारात येऊन उभी राहिली. तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"माझी बहीण बाळंतपण आटपून आली तर तिला उंबऱ्याबाहेर हात धुवायला लावलेत. आणि हा बाजारातला सरळ व्हरांड्यात?"

"आठ दिवसांचा प्रश्न आहे."

"माझा नाही. तुमचाच आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

बिसेसर लग्नाच्या आदल्या दिवशी आला. या खेपेला न सांगता त्यानं नळावर हात धुतले. पाया पडला. व्हरांड्याची पायरी चढला आणि शेजारी शेजारी टांगलेले दोन पिंजरे बघून उभा राहिला.

"बघ, कसा रमलाय," सेवरतन म्हणाला. आपला आवाज त्याचा त्यालाच बाजारातल्या विक्रेत्यासारखा वाटला.

बिसेसर पिंजऱ्याजवळ गेला. ओठांनी त्यानं बारीक शीळ घातली. पक्षी दांडीवरून दचकून मागच्या सळीला जाऊन चिकटला. बिसेसरनं पुन्हा शीळ घातली नाही. मग खालच्या आवाजात, आजूबाजूला कुणी नसतानाही कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तो म्हणाला,

"नवा आहे, भैया. याला मागच्या खोलीत ने."

सेवरतनचा हात कठड्यावर होता, तो तिथंच राहिला.

"आणि हा तुझा," बिसेसर मिनिस्टरकडे वळला, "कधीपासून असा बसतोय पिसं फुगवून?"

कधीपासून? कालपासून. परवापासून. सेवरतनच्या डोळ्यांना ते दिसलं होतं. एरवी दाण्याचं एक टरफल जास्त पडलं तरी जो माणूस कपाळाला आठ्या घालायचा, त्यानं पिंजऱ्याच्या तळाचा कागद दोन दिवस न बघता गुंडाळून फेकला होता. आता त्यानं कागद ओढून काढला. विष्ठा पाण्यासारखी होती, हिरवट.

नवा पिंजरा बिसेसरनंच उचलून मागे नेला. चुन्यानं पांढरीशुभ्र केलेली ती खोली, नवी भिंत, नवी खिडकी त्यानं पाहिली असणार. परत आला तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते.

डॉक्टरीण म्हणाली, "जंतुसंसर्ग आहे. नव्या पक्ष्याकडून आला असणार. तो स्वतः कदाचित आजारी दिसणारही नाही." पाण्यातून द्यायचं औषध तिनं दिलं, ऊब ठेवायला सांगितलं. "एवढासा जीव, शेवटपर्यंत दुखणं लपवतो. पण प्रयत्न करू."

लग्नाला सुमिंत्रा एकटी गेली. दोघं भाऊ घरी थांबले. सेवरतननं दिवा पिंजऱ्याजवळ लावला, बिसेसरनं फडकं धरून वारा अडवला. थेंब कुणी घालायचे यावरून बोलणं झालं नाही. एक जण पक्ष्याला हातात धरायचा, दुसरा चोच उघडायचा. लहानपणी दोघं मिळून कोंबडीची पिल्लं वाढवायचे, तेव्हाही हे असंच ठरून गेलेलं असायचं. लग्नाच्या दिवशी दुपारी मिनिस्टर सेवरतनच्या तळहातावर गेला. गाण्याचा नाही, कसलाच आवाज न करता.

जास्वंदीमागे बिसेसरनं फावडं मारलं. खड्डा खणताना त्याला ती वीट दिसली.

"हा बबुआ?"

"हो."

"कसा गेला?"

सेवरतननं सांगितलं. आधी आवाज फाटला, मग श्वास, मग शेपटी. भिंत. पन्हळ. फेरी होऊन जाऊ दे म्हणून घालवलेले दिवस. तेही सांगितलं. बिसेसर फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत होता.

"फोनवरच ओळखलं होतंस ना?" सेवरतननं विचारलं.

"माझा पोरगा होता तो. ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? दहा वर्षांनी तू माझा फोन उचलत होतास." बिसेसरनं खड्ड्यात माती लोटली. मग विचारलं, "जाताना एकटाच होता?"

"हो," सेवरतन म्हणाला. "सकाळी गेलो तेव्हा गेलेला होता."

बिसेसर माती दाबत राहिला. लागत होती त्यापेक्षा जास्त वेळ.

"आई एकटी नव्हती, भैया," तो म्हणाला. "ललिता होती तिच्या उशाशी. रात्रभर. तिचे हात धुतलेले होते का, मला माहीत नाही. पण आईचा हात तिच्या हातात होता. एवढंच मला तेव्हा सांगायचं होतं. तू सांगू दिलं नाहीस."

शेजारच्या अंगणातल्या बांबूवरचे पूजेचे झेंडे वाऱ्यानं फडफडत होते. सेवरतनच्या तोंडून जे बाहेर आलं ते भलतंच होतं.

"मी येतो निकेरीला. ललिताला भेटतो. तिला सांग, मी येतोय."

बिसेसरनं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"ती हॉलंडला असते, मुलीकडे. चौथं वर्ष चालू आहे. आता येईल असं वाटत नाही."

"आणि तू?"

"मी आहे की. घर आहे, बबुआ होता."

"जेवायचं?"

"येतं मला करायला." बिसेसरनं फावडं खांद्यावर टाकलं. "चल, हात धुऊ."

रात्री सुमिंत्रा लग्नाहून आली तेव्हा सेवरतननं तिला ललिताविषयी विचारलं, तर ती कानातलं काढता काढता म्हणाली, "मला माहीत होतं. ललितानं जायच्या आधी फोन केला होता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"या घरात तिचं नाव काढायची सोय ठेवली होती तुम्ही?"

सकाळी सेवरतन बसथांब्यापर्यंत गेला. सुमिंत्रानं लग्नातली मिठाई आणि रोट्या बांधून दिल्या होत्या, त्या बिसेसरनं मांडीवर घेतल्या. खिडकीतून तो म्हणाला, "भौजीला सांग, रोट्या पोचल्या म्हणून." बस अजून हललीही नव्हती. सेवरतन हसला. बस निघाली, तिच्या मागची धूळ खाली बसेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

घरी आल्यावर त्यानं जुना शर्ट चढवला. उकळलेली वाटी घेतली, कोरडे दाणे घेतले आणि मागच्या खोलीत गेला. बाजारातला पक्षी खिडकीजवळच्या दांडीवर बसला होता. ठणठणीत होता. मागच्या खोलीतल्या दीड महिन्याचे त्याचे पहिले दिवस होते.

वाटी ठेवून झाली, दाणे घालून झाले. सेवरतन घरात परत गेला, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून घेऊन आला आणि ती त्या पांढऱ्या भिंतीशी ठेवून बसला. पक्षी सळीला चिकटून त्याच्याकडे पाहत होता. सेवरतननं हात गुडघ्यांवर ठेवले, हलवले नाहीत.

"अहो, काय करताय तिथं एवढा वेळ?" सुमिंत्रानं नळावरून हाक मारली.

"काही नाही," तो म्हणाला. "बसलोय."